पालक एकदाच येतात: सांगलीतल्या एका पालक-परिचय दिवसाची मांडणी

प्रकरणाचा पट

सांगलीच्या बाहेर, मिरजेच्या बाजूला एक स्वायत्त अभियांत्रिकी महाविद्यालय आहे असं धरू. सहा शाखा, प्रत्येकी ६० जागा, म्हणजे पहिल्या वर्षाला ३६० मुलंमुली. हे कुठल्याही एका संस्थेचं वर्णन नाही. जिल्ह्यात दर पावसाळ्यात जे घडतं, ते एका छताखाली आणून प्रकरण बेतलं आहे. महाविद्यालयाचे आकडे मांडणीपुरते आहेत. योजना, कायदे आणि पूरपातळ्यांचे आकडे मात्र खरे आहेत.

येणारे पालक एकसारखे नसतात. वाळव्याकडचा ऊसवाला सकाळी स्वतःच्या गाडीने येतो आणि चारपर्यंत थांबू शकतो. तासगावचा द्राक्षबागायतदार सप्टेंबरअखेर छाटणी काढणार असतो, त्यामुळे त्याआधी कधीही बोलवा, तो येईल; नंतर नाही. जतच्या पूर्वभागातल्या बऱ्याच घरांत कन्नड बोललं जातं. मराठी कळतं, पण फॉर्मवरचं सरकारी मराठी कळत नाही. तिथून सांगलीला यायचं म्हणजे आधी एसटीने जत आणि मग पुढची गाडी. विटा-आटपाडी भागातल्या कितीतरी मुलांचे वडील गलाई व्यवसायात, सोन्या-चांदीच्या शुद्धीकरणात, तामिळनाडूपासून बंगालपर्यंत कुठेतरी बसलेले असतात. अशा घरातून येतो तो चुलता किंवा आजोबा. त्याला भावकीची जमीन किती हे तोंडपाठ असतं, पण पुतण्याचा आधार क्रमांक कुठल्या बँकेला जोडलाय हे माहीत नसतं.

या सगळ्यांसाठी महाविद्यालय एक दिवस ठरवतं. नाव कधी ‘पालक मेळावा’, कधी ‘पालक-परिचय’. प्रश्न असा, की त्या दिवशी नेमकं करायचं काय.

जुना आराखडा आणि त्याचा हिशेब

जुनी पत्रिका सगळ्यांच्या परिचयाची आहे. साडेदहाला दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, प्रास्ताविक, संस्थेची वाटचाल. मग सहा विभागप्रमुख दहा-दहा मिनिटं, त्यानंतर प्लेसमेंट अधिकारी, प्राचार्य, अध्यक्षीय भाषण, आभार. कागदावर हे दोन तासांत बसतं, प्रत्यक्षात एक वाजून जातो. ‘पालकांचे प्रश्न’ ही दहा मिनिटं शेवटी असतात आणि तोवर सभागृहाचा मागचा निम्मा भाग उठलेला असतो.

उठलेले पालक घरी जात नाहीत. ते कार्यालयाच्या खिडकीशी जातात. तिथे शिष्यवृत्तीचं काम बघणारा लिपिक एकटा, आणि दीड ते सव्वादोन जेवणाची सुट्टी. एका माणसाचं काम चार ते पाच मिनिटांचं धरलं तर तासाला बारा-पंधरा जण होतात. रांगेत दीडशे असतील तर ते किमान दहा तासांचं काम आहे, आणि हातात तास आहेत तीन. बाकीच्यांना सांगितलं जातं, “सोमवारी या.”

जत तालुक्यातल्या उमदीहून आलेल्या माणसाला सोमवारी या म्हणणं म्हणजे आणखी एका दिवसाची मजुरी, दोघांचं तिकीट आणि घरच्या जनावरांची सोय लावा असं म्हणणं. तो सोमवारी येत नाही. अर्ज राहतो, मुदत जाते, आणि मार्चमध्ये फीची नोटीस घरी जाते तेव्हा तो फोनवर भांडतो. कार्यालयाचा ग्रह होतो की पालक बेफिकीर आहेत, आणि पालकांचा होतो की संस्था पैशाला टपलेली आहे. तसं पाहिलं तर दोघंही त्या दिवशी हजर होते.

मुळात दिवस आखतानाच चूक होते, कारण आखणारे कार्यक्रम आखतात. पालक मात्र कामाला आलेला असतो. त्याची सही, त्याचा मोबाईल, त्याचे मूळ दाखले आणि तो स्वतः, हे सगळं एका ठिकाणी वर्षातून एकदाच येतं. ज्या कामाला पालक लागतो ते काम त्याच दिवशी उरकायचं आणि ज्याला लागत नाही ते पत्रिकेतून काढायचं, ही या प्रकरणातली मुख्य कसोटी. विभागप्रमुखांच्या भाषणाला पालक लागत नाही.

तारीख

तारीख प्राचार्यांच्या आणि पाहुण्यांच्या सोयीने ठरते. ती बँकेच्या आणि नदीच्या सोयीने ठरायला हवी.

बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात. पहिला किंवा तिसरा शनिवार घेतला तर बँकेचा माणूस टेबलावर बसू शकतो, शाखेत फोन लागतो, आणि नोकरदार पालकांना बहुधा सुट्टीही असते. तहसील कार्यालय मात्र शनिवारी बंद. त्यामुळे दाखल्यातल्या चुका त्या दिवशी दुरुस्त होणार नाहीत, फक्त सापडतील. म्हणून दाखले आधी तपासून घ्यावे लागतात, त्याबद्दल पुढे.

जुलैचा उत्तरार्ध आणि ऑगस्टचा पहिला पंधरवडा टाळावा. त्या दिवसांत कोयनेतला विसर्ग आणि कृष्णेचं पाणी यांच्यावर सगळं ठरतं. प्रवेशफेऱ्या लांबल्या तर वर्ग आपोआपच पुढे जातात. मग गणपती-गौरीचे दिवस सोडून येणारा पहिला किंवा तिसरा शनिवार धरावा. वर्ग सुरू झाल्यावर आठ-दहा दिवसांनी पालक आले तर जास्त बरं. तोवर मुलाला खोली, मेस, गाडी यांतल्या अडचणी कळलेल्या असतात आणि पालक नेमका प्रश्न घेऊन येतो. पहिल्याच दिवशी बोलावलेला पालक नुसता भांबावलेला असतो.

निमंत्रण नव्हे, यादी

दहा दिवस आधी पाठवायचा कागद एका पानाचा असावा. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. त्यात संस्थेचं बोधवाक्य नको. कुठल्या फाटकातून यायचं, किती वाजता सुटका होईल, आणि सोबत काय आणायचं, एवढंच.

सोबत आणायच्या वस्तूंत सगळ्यात वर असावा तो मोबाईल, आधारला जोडलेला. मूळ उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचाच हवा. तलाठ्याचा चालत नाही. तलाठी अहवाल हा दाखल्याच्या आधीचा कागद आहे, पण घरात तोच जपून ठेवलेला सापडतो. डोमिसाईल, लागू असेल तर जात प्रमाणपत्र, जात वैधता, नॉन क्रीमी लेअर. मुलाच्या नावाचं पासबुक. शिधापत्रिका. जमीन थोडी असेल तर अल्पभूधारकाचा दाखला, कारण डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेत तो उपयोगी पडतो आणि आठवण करून दिल्याशिवाय कुणी तो काढत नाही.

हा कागद पाठवून थांबायचं नाही. दाखल्यांचे फोटो मुलांकडून आधीच मागवायचे आणि दोन लिपिकांनी ते आठवडाभर चाळायचे. नावातला फरक इथेच पकडला जातो: दहावीच्या गुणपत्रकावर ‘दत्तात्रय’, आधारवर ‘दत्तात्रेय’, पासबुकावर नुसतं ‘दत्ता’. चुकीच्या वर्षाचा उत्पन्नाचा दाखलाही इथेच दिसतो. ज्यांचं कागदपत्र अडलं आहे त्यांना शनिवारची वाट न बघता आधीच फोन गेला, तर सेतू केंद्राची एक खेप वाचते.

सभागृहात पन्नास मिनिटं

बसण्याची व्यवस्था शाखेनुसार करायची की तालुक्यानुसार, यावर विभागप्रमुखांचा आणि संयोजकांचा वाद होणारच. आमचं मत स्पष्ट आहे: तालुक्यानुसार. संगणक शाखेतल्या मुलाच्या बापाला आणि सिव्हिलमधल्या मुलाच्या बापाला वेगवेगळं सांगण्यासारखं पहिल्या वर्षात फारसं काही नसतं. अभ्यासक्रमही बराचसा सामाईक असतो. पण जतच्या सगळ्या पालकांचा गाडीचा प्रश्न एक आहे, खोलीचा एक आहे, भाषेचा एक आहे. शेजारी बसलेली दोन माणसं एकाच रस्त्यावरची निघाली की ओळख निघते. मुलींच्या आया एकमेकींचे नंबर घेतात. आणि पुढे चार वर्षं, ‘तुमची पोरगी गाडीत बसली का’ हे विचारायला महाविद्यालयाची गरज पडत नाही.

प्रत्येक तालुक्यासोबत त्याच भागातले दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे दोन विद्यार्थी बसवावेत. जतसाठी त्यातला एक कन्नड बोलणारा हवाच. त्याने भाषांतर मंचावरून करायचं नाही. तो शेजारी बसून हळू आवाजात सांगत जाईल, म्हणजे कुणाला आपल्याला मराठी येत नाही असं चारचौघांत दाखवावं लागणार नाही.

मंचावर बोलणारे तिघंच: प्राचार्य, परीक्षा विभाग, वसतिगृह प्रमुख. सत्कार नको, स्वागतगीतही नको. दिवा लावायचाच असेल तर लोक आत येत असताना लावून घ्यावा. पहिली पंचवीस मिनिटं मुलं सोबत असतात. मग मुलांना दुसरीकडे नेतात आणि पुढची पंचवीस मिनिटं फक्त पालक. हा भाग वगळू नये. मुलासमोर बाप विचारत नाही की ‘नापास झाला तर काय’, आणि आई विचारत नाही की खोलीवर कोण कोण येतं. मात्र एकटे असले तरी हात वर करणारे ठरावीक चार जणच निघतात. म्हणून नोंदणीच्या वेळीच कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन्सिली वाटाव्यात, आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांची चिठ्ठी शेजारच्या स्वयंसेवकाने लिहावी. नाव टाकायचं नाही.

गुणांबद्दल काय सांगायचं

परीक्षा विभागाने नियमावली वाचून दाखवू नये. दोन गैरसमज तेवढे काढावेत.

एक पर्सेंटाइलचा. सीईटीत ९२ पर्सेंटाइल म्हणजे ९२ टक्के गुण नव्हेत. परीक्षा दिलेल्यांपैकी ९२ टक्के मुलं याच्या बरोबरीला किंवा खाली आहेत, एवढाच त्याचा अर्थ. घरात मात्र ‘ब्याण्णव पडले’ असं ठरलेलं असतं. मग पहिल्या चाचणीत वीसपैकी अकरा आले की पोरगं बिघडलं, असा निष्कर्ष निघतो आणि मोबाईल काढून घेतला जातो. पहिल्या सत्रात गुण का घसरतात हे मुलांच्या देखत सांगावं: बारावीत प्रश्न ओळखीचे असतात, इथे नसतात, मराठी माध्यमातून आलेल्याला पहिले दोन महिने इंग्रजी व्याख्यानं समजून घ्यायलाच जातात, आणि सराव करून घेणारा क्लास पाठीशी नसतो.

दुसरा गैरसमज उपस्थितीचा. ७५ टक्क्यांचा नियम सगळे ऐकतात, पण टक्क्यात ऐकल्यामुळे तो दूरचा वाटतो. सत्रात एका विषयाचे ६० तास असतील तर १५ चुकवता येतात. आजारपणाचे पाच, गावच्या जत्रेचे तीन, चुलतभावाच्या लग्नाचे चार धरले तर तीन उरले. हा हिशेब फळ्यावर लिहिला की पालक स्वतःच म्हणतात, जत्रेला एका दिवसासाठी ये म्हणून. हजेरीचं रडगाणं नंतर गाण्यापेक्षा हे सोपं.

मग नाजूक मुद्दा: गुण पालकांना कळवायचे का? मुलगा १८ वर्षांचा झाला की कायद्याने सज्ञान आहे. फी भरणारा बाप म्हणतो, मला कळलंच पाहिजे. दोन्ही बाजू खऱ्या आहेत आणि महाविद्यालयाने मधे लोंबकळत राहू नये. या प्रकरणात सुचवलेला तोडगा असा: तीन गोष्टी पालकांना नक्की कळवायच्या. पहिला महिना संपताना उपस्थिती ७५ टक्क्यांखाली असणं, परीक्षेला गैरहजर राहणं, आणि दवाखान्यात दाखल व्हावं लागणं. बाकी सगळं आधी मुलाशी बोलायचं. हे मुलं आणि पालक एकत्र बसलेले असताना मोठ्याने सांगायचं आणि संमतीपत्रावर दोघांच्या सह्या घ्यायच्या. मागून कुणाला ‘आम्हाला सांगितलं नव्हतं’ म्हणायला जागा राहत नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर वर्गाची गुणयादी टाकण्याची खोड मात्र पूर्ण बंद. त्या यादीत दुसऱ्याच्या मुलाचे गुण असतात, आणि मुलींचे नंबर तीनशे घरांत जातात ते वेगळंच. एकतर्फी सूचना पाठवायच्या असतील तर ब्रॉडकास्ट यादी पुरते.

टेबलं

पन्नास मिनिटांनंतर सभागृह रिकामं करायचं आणि खरं काम सुरू करायचं. आधीचा हिशेब उलटा मांडला की टेबलं किती लागतील ते कळतं. शिष्यवृत्तीचं काम असलेली १५० घरं, प्रत्येकी पाच मिनिटं, म्हणजे साडेसातशे मिनिटं. ती अडीच तासांत संपवायची तर पाच टेबलं हवीत. पाच लिपिक नसतात. पण कागद आधी चाळलेले असतील तर टेबलावर फक्त खात्री आणि सही उरते, आणि ते काम प्रशिक्षण दिलेला प्राध्यापकही करू शकतो. अडलेली प्रकरणं तेवढी मूळ लिपिकाकडे. त्याने पाचांपैकी एकाही टेबलावर बसू नये, मागे मोकळं राहावं. तो एका टेबलाशी अडकला की पाचही टेबलं अडतात.

रांगेत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, आणि ती बहुतेक ठिकाणी सांभाळली जात नाही. ‘एससीवाले इकडे, ओबीसी तिकडे’ असं ओरडून रांगा लावू नयेत. टेबलांना फक्त क्रमांक द्यावेत आणि कुणी कुठल्या टेबलावर जायचं ते आधी दिलेल्या चिठ्ठीवर छापलेलं असावं. प्रवर्ग हा त्या माणसाच्या आणि टेबलावरच्या माणसाच्या मधला विषय आहे.

या टेबलांवर तीन भांडणं ठरलेली. पहिलं मुलींच्या फीचं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल आणि प्रवेश कॅपमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, झाला असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. गावात ते ‘मुलींना सगळं मोफत’ असं पोचलं. वसतिगृह, मेस, अनामत यांचे पैसे मागितले की आई म्हणते, “मोफत हाय म्हणून तर घातली हिला.” तिच्याशी वाद घालू नये. फीची पावती समोर ठेवून, कुठली ओळ शासन भरतं आणि कुठली तुम्ही, त्यावर दोन रंगांच्या पेनाने खुणा करून तोच कागद तिला द्यावा. घरी आजोबाही तोच विचारणार आहेत.

दुसरं भांडण खात्यात आलेल्या पैशाचं. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधारजोड खात्यात येतो, आणि त्यातला फीचा भाग मुदतीत महाविद्यालयात भरायचा असतो. घरात समजूत होते की ही मुलाला मिळालेली रक्कम आहे. ती खतात, दवाखान्यात, बहिणीच्या लग्नात जाते, आणि मग दोन्हीकडून कोंडी. पैसे यायच्या आधी, याच दिवशी हे सांगितलं तरच उपयोग.

तिसरं भांडण नसतं, गोंधळ असतो: राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती कुटुंबातल्या दोनच अपत्यांना मिळते, आणि व्यवस्थापन कोट्यातल्या प्रवेशाला नाही. तिसऱ्या मुलाचा अर्ज भरून घेऊन पुढे नाकारला जाण्यापेक्षा टेबलावरच सांगावं आणि शैक्षणिक कर्जाच्या टेबलाकडे पाठवावं. बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा भरावा लागत नाही. बोनाफाईड आणि चार वर्षांचं फीपत्रक त्याच टेबलावर छापून द्यावं. त्या दोन कागदांसाठी लोक पुन्हा येतात.

बँकेचं टेबल जरा जवळून पाहू

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, म्हणून इथे घाई नको. समजा, कवठेमहांकाळ तालुक्यातले एक आजोबा नातवाला घेऊन बसलेत. पासबुक आहे, त्यावर आधार क्रमांक लिहिलेला आहे. आजोबा म्हणतात, “लिंक हाय की, सायेब. बँकेत जाऊन अंगठा दिलाय.”

खात्याला ओळख म्हणून आधार जोडणं वेगळं आणि शासनाचे पैसे त्या खात्यात यावेत म्हणून एनपीसीआयच्या (बँकांमधले पैशांचे व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) नोंदीत खातं चढणं वेगळं. पैसे दुसऱ्या नोंदीप्रमाणे येतात, आणि ती नोंद एका वेळी एकाच बँकेची असते. शेवटची जी असेल ती. नातवाने दहावीच्या सुट्टीत सिमकार्डाच्या दुकानात एक पेमेंट बँकेचं खातं उघडलेलं असतं आणि नोंद तिकडे गेलेली असते. पासबुक बघून हे कळत नाही. आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती बघावी लागते. त्यासाठी ओटीपी लागतो आणि ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर जातो.

तो नंबर बहुतेक वेळा वडिलांचा जुना, बंद पडलेला असतो. चालू असलाच तर फोन घरी थोरल्या भावाच्या हातात. म्हणून यादीत मोबाईल सगळ्यात वर. फोन घरी असेल तर भावाला फोन लावून ओटीपी विचारून घेता येतो, पण तो विचारताना टेबलावरच्या माणसाने स्वतः बोलू नये. अनोळखी आवाजाला ओटीपी सांगायचा नाही हे लोकांना कसंबसं पटलंय. ते आपण मोडू नये. नातवानेच भावाशी बोलावं. नंबर बंदच असेल तर आधारला नवा नोंदवल्याशिवाय इलाज नाही, आणि तसं कागदावर लिहून द्यावं.

याच टेबलावर खात्याचा प्रकारही बघून घ्यावा. कमी कागदपत्रांवर उघडलेल्या ‘लहान खात्यात’ वर्षाला एक लाखापेक्षा जास्त जमा चालत नाही आणि शिल्लक ५० हजारांवर जाऊ देत नाहीत. अभियांत्रिकीच्या फीची रक्कम त्यात अडकू शकते किंवा परत जाऊ शकते. सतरा वर्षांच्या मुलाचं अज्ञान खातं असेल तर त्यालाही मर्यादा असते. पूर्ण केवायसी करून साधं बचत खातं, एवढंच करायचं असतं. पण ते ऑक्टोबरच्या आत.

खोली, पाणी, गाडी

वसतिगृहात सगळ्यांना जागा मिळत नाही. उरलेली मुलं खोल्या बघतात, आणि बाहेरगावच्या पालकाला सांगलीचा नकाशा पाण्याच्या दिवसांत कसा बदलतो हे माहीत नसतं. घरमालक सांगत नाही. भिंतीवर शहराचा मोठा नकाशा लावून, पाणी कुठल्या बाजूने चढतं ते दाखवावं: सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रस्त्याचा भाग आधी, मग गावभाग. आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. स्वस्त खोली कुणी घेऊ नये असं म्हणणं नाही, पण घेणाऱ्याने तळमजला टाळावा, आणि पातळी चाळिशीकडे निघाली की मुलगा कुणाकडे जाईल ते नाव आजच रजिस्टरमध्ये लिहावं. शिराळ्याच्या पालकाला हे पटकन समजतं. दुष्काळी जतच्या माणसाला पाणी जास्त झाल्याची गोष्ट आधी खरी वाटत नाही.

एसटीच्या टेबलावर एकच मोठा गैरसमज असतो. बारावीपर्यंत मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत पास होता. महाविद्यालयात तो संपतो. विद्यार्थ्यांच्या मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत मिळते, महिलांना अर्ध्या तिकिटाची सवलत वेगळी, आणि रोज ये-जा करणारीला पासच परवडतो. पासाचे दाखले त्या दिवशी शिक्के मारून तयार असावेत. पहिलं प्रात्यक्षिक साडेआठला आणि गावाची पहिली गाडी पावणेनवाला पोचत असेल, तर ही गोष्ट पालकांनी सांगण्याआधी वेळापत्रक करणाऱ्याला दिसायला हवी होती. तरीही इथे नोंद घ्यावी आणि एकाच मार्गावरची मुलं दुपारच्या तुकडीत टाकता येतात का ते बघावं. बहुतेकदा येतात.

रॅगिंग आणि वसतिगृह

यूजीसीच्या २००९ च्या विनियमांनुसार विद्यार्थी आणि पालक दोघांनी रॅगिंगविरोधी हमीपत्र द्यायचं असतं, दरवर्षी. ते ऑनलाइन भरलं जातं. घरी एकाच मोबाईलवर मुलगाच दोघांच्या वतीने भरून टाकतो आणि पालकाने काय कबूल केलंय ते पालकाला ठाऊक नसतं. म्हणून संगणक कक्षात वीस-वीसच्या तुकड्यांनी, शेजारी बसून, वाचून भरावं. सोबत छापील चिठ्ठी द्यावी: राष्ट्रीय मदतवाहिनी १८००-१८०-५५२२, चोवीस तास, आणि मन बिघडलं तर टेलिमानस १४४१६. महाराष्ट्रात १९९९ चा स्वतंत्र कायदा आहे. दोषी ठरल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. हे सांगताना एक वाक्य जोडावं, ते पालकांच्या कानात राहतं: तुमचा मुलगा पुढच्या वर्षी सीनियर होणार आहे, तेव्हा हे त्यालाही लागू आहे.

मुलींच्या वसतिगृहात ‘स्थानिक पालक’ हा रकाना गलाईवाल्या घरांसाठी डोकेदुखी असतो. वडील कोइमतूरला, चुलता विट्यात, आणि सुट्टीच्या चिठ्ठीवर सही कोणाची? कार्डावर तीन माणसांचे फोटो आणि नंबर घ्यावेत, आणि त्यांतली दोन नावं मुलीने स्वतः ठरवावीत. घरच्यांनी लिहिलेला माणूस तिला नको असू शकतो. हे तिला एकटीला, अधीक्षक मॅडमनी विचारावं. मुलांच्या वसतिगृहात तर हा प्रश्न कुणी विचारतच नाही, तिथेही विचारावा.

जेवण मेसमध्येच, मुलांसोबत, त्याच ताटात. केटररचं जेवण मागवू नये. पालकांना आमटी पातळ वाटली तर ती त्यांना कळायलाच हवी. सकाळी पोचणाऱ्यांसाठी उप्पीट आणि चहा साडेनऊपासून. किलोभर रव्यात साधारण अठरा ते वीस बशा होतात. दूरच्या गाड्यांचे दीडशे लोक धरले तर आठ किलो रवा लागतो. रांगेत उभं राहायच्या आधी पोटात काही असलं की टेबलावरचा सूर बदलतो, हे कुठल्याही लिपिकाला विचारा.

जे आले नाहीत

३६० घरांतून सगळे येणार नाहीत. न येणाऱ्यांत बेफिकीर थोडे, लांब असलेले आणि रजा न मिळालेले जास्त. त्यांच्यासाठी पुढच्या रविवारी रात्री साडेआठला पाऊण तासाचा व्हिडिओ कॉल ठेवावा. त्यातही भाषण नको. चिठ्ठ्यांवर आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं, एवढंच. ते रेकॉर्डिंग पाठवून द्यावं. ज्या घरात स्मार्टफोनच नाही त्यांना मुलाच्या जीएफएमने (काही मुलांची जबाबदारी दिलेल्या पालक-प्राध्यापकाने) साधा फोन करायचा. एका जीएफएमकडे वीस मुलं असतील तर असे फोन दोन-तीनच निघतात.

चिठ्ठ्या मात्र फेकू नयेत. त्यांतले प्रश्न तालुक्यानुसार लावून ठेवले तर पुढच्या वर्षीची यादी त्यातूनच निघते. आणि ज्यांची कागदपत्रं टेबलावर अडली त्यांची नावं एका वहीत, समोर अडलेलं काम, जबाबदार लिपिकाचं नाव आणि तारीख. ही वही दर सोमवारी प्राचार्यांच्या टेबलावर जायला हवी. महाडीबीटीची, म्हणजे शिष्यवृत्तीचे अर्ज भरायच्या सरकारी संकेतस्थळाची, मुदत बऱ्याचदा वाढते हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे वही मागे पडते. मुदत वाढेल असं धरून कुणी काम पुढे ढकललं असेल तर ते तिथेच दिसतं.